फ्यूजनला मराठीत काय म्हणायचं?

आमच्या खात्यात कधीमधी सांस्कृतिक कार्यक्रमाचं निमंत्रणपत्र मराठीत करून द्यायचं काम येतं आणि मी बी.ए. मराठी असल्यामुळे ते माझ्या टेबलावर येऊन पडतं. एकदा असंच 'फ्यूजन म्युझिक'ला मराठी शब्द शोधत बसलो होतो. संमीलन म्हणावं तर अणुभट्टी आठवते. संगम म्हणावं तर त्या वर्षीच्या पत्रकांत तो शब्द आधीच चार वेळा येऊन गेला होता. शेवटी मी कोश बघून 'विलीनीकरण' लिहिलं आणि मसुदा वर पाठवला. साहेबांनी तो शब्द लाल पेनाने खोडला, मला बोलावून घेतलं आणि हसत म्हणाले, "अरे बाबा, सदुसष्ट साल परत आणतोस की काय?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित म्हणून वेगळा ठेवायचा, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. माझे वडील फुलवाले. घरात बोलणं कोकणीत आणि वाचणं-लिहिणं मराठीत, अशी जी हजारो घरं आहेत त्यातलंच आमचं. त्यांच्या तोंडी 'विलीनीकरण' हा शब्द अजूनही एखाद्या मोडलेल्या सोयरिकीसारखा येतो. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, त्यामुळे मला ना ती हुरहूर ना तो विजय. पण गोव्यात वाढलेल्या माणसाला हा शब्द नुसता शब्द म्हणून वापरता येत नाही, हे त्या लाल रेघेने मला शिकवलं.

आता गंमत बघा. त्या कौलानंतर तीनच महिन्यांनी, १८ ते २० एप्रिल १९६७ या तीन दिवसांत, तिकडे अमेरिकेत चार वादकांनी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. आज तिला जॅझ आणि रॉक यांच्या फ्यूजनच्या अगदी पहिल्या तबकड्यांमध्ये गणतात. नाव 'डस्टर'. प्रमुख वादक गॅरी बर्टन, वाद्य व्हायब्राफोन. कौलाचा आणि या तबकडीचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे उघडच आहे. पण माझ्या डोक्यात ती दोन्ही एकमेकांना चिकटून बसली आहेत, कारण 'डस्टर' ऐकल्यावरच मला कळलं की मी लिहिलेला तो शब्द भाषांतर म्हणूनही चुकीचा होता.

ही तबकडी माझ्यापर्यंत आली ती ऑफिसातल्याच एका वयस्कर सहकाऱ्याकडून. सासष्टीचा माणूस, घरात तीन पिढ्या व्हायोलिन. आमच्यासारख्यांचं कसं असतं, केसरबाई केरकर आमच्या, मोगूबाई कुर्डीकर आमच्या, दीनानाथ आणि अभिषेकीबुवा तर आमचेच आमचे. पण मुंबईच्या सिनेमासंगीतात वाद्यवृंद उभे करणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हेही गोंयकारच, आणि ब्राझ गोन्साल्विससारखा सॅक्सोफोनवाला याच मातीतला, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. भिंतीपलीकडचं संगीत होतं ते. लग्नाच्या बँडमधून ऐकू यायचं, पण ते आपण 'ऐकायचं' असतं असं घरी कुणाला वाटलं नाही. तर या सहकाऱ्याने मला एक सीडी दिली आणि एकच सूचना केली, "पहिल्यांदा ऐकशील तेव्हा फक्त ड्रम्स ऐक. बाकीचं आपोआप येईल." ही सूचना किती मोलाची होती ते पुढे सांगतो.

आधी वाद्याविषयी. व्हायब्राफोन आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, फक्त नाव ठाऊक नसतं. जुन्या हिंदी गाण्यांत नायिका रात्री खिडकीशी येते तेव्हा जो धातूचा, पण मऊ, चांदण्यासारखा नाद येतो, तो पुष्कळदा याचाच. केरसी लॉर्ड आणि बुजी लॉर्ड या पारशी भावांनी ते तिथे वाजवलं. वाद्याची रचना सोपी आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या पियानोसारख्या दोन रांगांत मांडलेल्या, साधारण तीन सप्तकांच्या. प्रत्येक पट्टीखाली एक नळी. नळीच्या तोंडाशी एक लहान चकती, जी विजेच्या मोटरने फिरते आणि त्यामुळे स्वर थरथरतो. पायाशी एक पेडल, ते दाबलं की स्वर रेंगाळतात, सोडलं की गप्प होतात. वाजवायचं सूत गुंडाळलेल्या काठ्यांनी. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत हे वाद्य जन्मलं. १९३० मध्ये लुई आर्मस्ट्राँगबरोबर लायोनेल हॅम्प्टनने ते वाजवलं आणि जॅझमध्ये त्याला पाट मिळाला. मग मिल्ट जॅक्सन आला. त्याने मोटरचा वेग कमी केला आणि त्या थरथरीतून माणसाच्या गळ्याचा भास निर्माण केला.

आणि मग बर्टन आला आणि त्याने मोटर बंदच करून टाकली.

मला हे वाचून पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं. आपल्या कानाची सगळी तक्रारच ही की असल्या ठोकायच्या वाद्यांत मींड नाही. षड्जावरून गंधारावर जाताना मधली वाट दिसली पाहिजे, नुसती दोन गावं दाखवून भागत नाही. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली, तिच्यामागे जी कारणं होती त्यातलं हे एक मोठं. संतूर शास्त्रीय मंचावर आणलं तेव्हा शिवकुमार शर्मांनाही हेच ऐकावं लागलं, आणि त्यांनी काठी तारांवर घसरवत नेऊन त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. व्हायब्राफोनकडे तर गळ्यासारखं म्हणावं असं एकच काहीतरी होतं, ती थरथर. आणि हा गृहस्थ तीही काढून टाकतो! जणू एखाद्या गायकाने स्वतःहून सांगावं की मी आजपासून आंदोलन घेणार नाही, सरळ स्वर लावीन.

पण त्याने बदल्यात जे आणलं ते बघायला हवं. बर्टन १९४३ साली इंडियाना राज्यातल्या अँडरसन नावाच्या गावी जन्मला. सहाव्या वर्षी मरिंबा आणि व्हायब्राफोन शिकायला लागला. लहान गाव, बरोबर वाजवायला कुणी नाही. म्हणून एकट्यालाच सगळं वाजवता यावं यासाठी त्याने दोन्ही हातांत दोन-दोन अशा चार काठ्या धरायला सुरुवात केली. चार काठ्या त्याच्या आधीही लोक धरत, पण ते मुख्यतः सोबतीचे सूर भरायला. याने चारही काठ्या एका पियानोवादकाच्या बोटांसारख्या मोकळ्या केल्या. त्याची ती काठ्या एकमेकींवर तिरप्या धरण्याची पद्धत आज 'बर्टन ग्रिप' म्हणूनच शिकवतात. सतराव्या वर्षी नॅशव्हिलला हँक गार्लंड या गिटारवाल्याबरोबर तो ध्वनिमुद्रणात होता. मग बर्कली, मग जॉर्ज शिअरिंग, मग स्टॅन गेट्झ.

यातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात आवडते. पेडल दाबून ठेवलं की या वाद्यात सगळे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. तेव्हा नको असलेला स्वर थांबवायचा कसा? तर एक काठी पुढची पट्टी वाजवत असताना दुसरी काठी मागच्या पट्टीवर हलकेच टेकवायची. वाजवायची नाही, टेकवायची. म्हणजे दर क्षणी काही स्वर मांडले जातात आणि काही पुसले जातात. तबकडीचं नाव 'डस्टर' कुठून आलं असेल ते असो, आमच्यासारख्याच्या डोळ्यांपुढे शाळेतला फळा पुसायचा लाकडी डस्टरच येतो, आणि योगायोगाने या वाद्याचं अर्धं कसब पुसण्यातच आहे. कुठला स्वर रेंगाळू द्यायचा आणि कुठला नाही, हे ऐकायला एकदा कान सरावले की मींड नसल्याची तक्रार माझी तरी मावळली. पावसानंतर पत्र्याच्या पन्हळीवरून थेंब पडतात ना, तसं आहे ते. थेंबाला कुणी मींड मागत नाही.

आता चौकडी. गेट्झच्या चौकडीत बर्टन होता, बास वाजवणारा स्टीव्ह स्वॅलो होता आणि ड्रम्सवर रॉय हेन्स होता. म्हणजे 'डस्टर'चे तीन खांब त्या जुन्या घरातलेच. गेट्झच्या सॅक्सोफोनच्या जागी बर्टनने आणला लॅरी कोरिएल हा टेक्सासात जन्मलेला, त्याच्याच वयाचा, चोवीस वर्षांचा पोरगा, ज्याच्या गिटारीत चक बेरीही होता आणि वेस माँट्गोमरीही. फरक पडला तो या एका बदलाने. कारण आपल्याला हवी असलेली मींड कुणाकडे आहे? गिटारवाल्याकडे! तार ओढून स्वर चढवायचा, सोडून उतरवायचा, ही ब्लूज आणि रॉकची गिटारीतली सवय. एकाचे स्वर थेंबाथेंबाने पडतात आणि दुसऱ्याचे स्वर ओढून ताणलेले. जे एकाला जमत नाही ते दुसऱ्याकडे आहे. या तबकडीतलं 'मिश्रण' म्हणतात ते मुळात इतकं साधं आहे असं मला वाटतं.

धोका मात्र होता. व्हायब्राफोन आणि गिटार दोन्ही एकाच वेळी अनेक स्वर वाजवणारी वाद्यं. एका खोलीत दोन बडबडे पाहुणे. पियानो मुद्दामच ठेवलेला नाही. अशा वेळी दोघांनीही सगळी जागा भरायची ठरवली तर ऐकणाऱ्याने पळून जावं. 'डस्टर'मध्ये तसं होत नाही. बर्टन वाजवतो तेव्हा कोरिएल आखडून बसतो, दोन सूर टाकतो, पुन्हा गप्प. कोरिएलची पाळी आली की बर्टनच्या चार काठ्यांतल्या दोन जणू खिशात जातात.

आणि ड्रम्स. माझ्या सहकाऱ्याची सूचना मी पाळली. पहिल्या वेळी मला हेन्स कळलाच नाही. आपल्या कानाला ठेका लागतो. तबल्यावर धा धिं धिं धा चालू आहे, समेवर सगळे भेटणार आहेत, या भरवशावर आपण बसतो. हा माणूस सम दाखवतच नाही. तो मध्येच एखादं वाक्य बोलतो, अर्धवट सोडतो, झांजेवर नुसती किनार ओढतो. चौथ्यांदा ऐकताना कळलं की ठेका त्याच्या हातात नाही, तो चौघांच्या मध्ये कुठेतरी हवेत ठेवलेला आहे, आणि चौघेही त्याच्याकडे न बघता त्याच्याभोवती फिरत आहेत. हेन्स तेव्हा बेचाळीस वर्षांचा. चार्ली पार्कर, सारा व्हॉन यांच्याबरोबर वर्षानुवर्षं वाजवून आलेला. एवढ्या तालेवार माणसाने या चोवीस-सव्वीस वर्षांच्या पोरांच्या केसाळ उद्योगात यावं आणि कुठेही वडीलकी गाजवू नये, हे मला त्याच्या वादनाइतकंच मोठं वाटतं. २०२४ च्या नोव्हेंबरात नव्व्याण्णवाव्या वर्षी तो गेला तेव्हा मी रात्री ही तबकडी पुन्हा लावली होती.

आठ रचना आहेत. यातल्या बहुतेक बर्टनने एकट्याने केलेल्या नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखं. तीन मायकेल गिब्जच्या, हा जन्मला आफ्रिकेत, आजच्या हरारेत. काही स्वॅलोच्या. एक कार्ला ब्लेची. आणि एक बर्टन-कोरिएल दोघांची मिळून. आपलं नाव मुखपृष्ठावर मोठं आणि आत मात्र दुसऱ्यांचं ऐश्वर्य, असं हे प्रकरण आहे. नव्याने ऐकणाऱ्याने 'स्वीट रेन'पासून सुरुवात करावी. गिब्जची संथ रचना, गेट्झनेही त्याच वर्षी ती वाजवली. इथे तिच्यात मोटर बंद असलेल्या व्हायब्राफोनचा सरळ, न थरथरणारा स्वर ऐका. भावना दाखवण्याची घाई नसली की भावना किती उमटते ते कळेल. मग 'जनरल मोजोज वेल लेड प्लॅन'. स्वॅलोची ही रचना रॉकच्या सगळ्यात जवळ जाते, पण लोकगीताच्या खुशालीने चालते, शिरा ताणत नाही. 'पोर्ट्समथ फिगरेशन्स' द्रुत आहे, हेन्ससाठी ऐकावी. कार्ला ब्लेचं 'सिंग मी सॉफ्टली ऑफ द ब्लूज' रात्री जेवणं झाल्यावर.

'वन, टू, १-२-३-४' मात्र मला अजून पूर्ण पचलेली नाही. यात कोरिएल गिटारीचा आवाज मुद्दाम फाडतो, किंचाळवतो, आणि चौघे बांधलेला रस्ता सोडून रानात शिरतात. जाणकार याच रचनेकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, इथे रॉक आला. मला वाटतं, इथे तो आला नाही, आणलेला आहे. बाकी सात ठिकाणी तो पाहुण्यासारखा ओसरीवर बसून बोलतो, इथे त्याला माजघरात ओढलंय. कोरिएलचा अधीरपणाही कळून येतो. ज्यांना खणखणीत रॉक हवा त्यांची तर या तबकडीत निराशाच होईल, ही दुसरी गोष्ट. त्यांनी दोन वर्षं थांबून १९६९ मध्ये माइल्स डेव्हिसने ध्वनिमुद्रित केलेलं 'बिचेस ब्रू' ऐकावं, किंवा पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा. तिथे आवाजाचा डोंगर आहे.

माझा मतभेद इथेच आहे. 'डस्टर'चं कौतुक बहुतेक 'पहिली' म्हणून होतं. पहिली की दुसरी हा वाद घालणाऱ्यांनी घालावा. कोरिएलच 'फ्री स्पिरिट्स' नावाच्या टोळक्यात आधीपासून असले प्रयोग करत होता, आणि खुद्द बर्टन याआधी नॅशव्हिलच्या कंट्री वादकांना घेऊन 'टेनेसी फायरबर्ड' करून बसला होता. पहिलेपणाला सरकारी दप्तरात किंमत असते, आवक क्रमांक म्हणून. ऐकताना त्याचा काय उपयोग? पुढे ज्याला फ्यूजन म्हणू लागले त्यातल्या बऱ्याच संगीतात मला जे मिळत नाही ते इथे मिळतं, म्हणून मी इथे परत येतो.

आपल्याकडे दर हिवाळ्यात फ्यूजनचे कार्यक्रम होतात, मी पुष्कळ ऐकले आहेत, काहींची पत्रकं वर सांगितल्याप्रमाणे मीच लिहिली आहेत. साचा ठरलेला. पाच मिनिटं सतार, पाच मिनिटं की-बोर्ड, मग तबला आणि ड्रम्स यांचे सवाल-जवाब, लय वाढत जाते, घुमटवाला मध्ये आणून उभा करतात, शेवटी सगळे एकदम आणि टाळ्या. वादक पुष्कळदा उत्तम असतात. पण कुणी कुणाचं ऐकल्यामुळे आपलं वाजवणं बदललं, असा एक क्षण दाखवा म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. एक तर सगळं वितळून एकच चकचकीत रस होतो, नाहीतर पाळीपाळीने शक्तिप्रदर्शन. 'विलीनीकरण' हा शब्द त्या कार्यक्रमांना शोभतो खरा. हेन्सने कोरिएलला जे दिलं, त्याला तो लागू पडत नाही. हेन्स त्या तीन दिवसांत रॉकवाला झाला नाही, कोरिएलने गिटारीची ओढाताण सोडली नाही, पण गेट्झच्या मागे हेन्स जसा वाजवत होता तसाही तो इथे वाजवत नाही. याला मराठीत शब्द काय, मला अजून सापडलेला नाही. शेजार म्हणावं का? आमच्या वाड्यावर देवळातलं भजन आणि पलीकडच्या चॅपेलमधलं लदीन एकाच संध्याकाळी असलं की कुणी न सांगता दोन्हीकडच्या वेळा अर्ध्या तासाने पुढेमागे होतात, तसलं काहीतरी.

हे तेव्हा एकटे अमेरिकनच करत होते असंही नाही. त्याच सुमारास इकडे शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांनी मिळून 'कॉल ऑफ द व्हॅली' केलं. तिथेही ठोकायचं वाद्य आणि तार ओढणारी गिटार शेजारी बसलेली. दोन्ही एका रात्रीत लागोपाठ ऐकून बघा. आणि कोरिएलचं पुढचं आयुष्य बघितलं तर तो खरंच आपल्याकडे वळला. रोणू मजुमदारांच्या बासरीबरोबर त्याने वाजवलं.

कोरिएल २०१७ च्या फेब्रुवारीत गेला. पुढच्याच महिन्यात बर्टनने काठ्या खाली ठेवल्या, कार्यक्रम बंद केले. सात ग्रॅमी, बर्कलीत तीन दशकांहून जास्त काळ शिकवणं, पॅट मेथेनीसारखा गिटारवाला त्याच्याच बँडमध्ये तयार झालेला, असं सगळं मागे ठेवून.

वडिलांना मी ही तबकडी एका चतुर्थीच्या सुट्टीत ऐकवली. ते आरामखुर्चीत, डोळे मिटून. 'बॅले' संपलं तेव्हा म्हणाले, "जलतरंग बरा वाजवता." मी म्हटलं, जलतरंग नव्हे, यात पाणी नाही. ते म्हणाले, असेल कुठेतरी, तुला दिसत नसेल. 'वन, टू' लागलं, कोरिएलने गिटार फाडायला सुरुवात केली, तसे ते दचकून उठले, "फुटलें मरे सगळें!" मी बंद करायला गेलो तर हात वर करून मला थांबवलं. पुढचं कार्ला ब्लेचं लागेपर्यंत तसेच बसून राहिले. मग विचारलं, त्या फोडणाऱ्याला बाकीच्यांनी हाकलला का नाही. म्हटलं, नाही, तो शेवटपर्यंत आहे. "मग लाव पुढचें," म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.